चिल्लई कलान आणि हळदीचा कुकर

नोकरी करणाऱ्या माणसाकडची सगळ्यात महाग चीज कुठली? फ्लॅट? छे. गाडी? अजिबात नाही. रजा, बॉस, रजा! डिसेंबर उजाडला की एचआरचं ते पोर्टल उघडायचं आणि ‘लीव्ह बॅलन्स’च्या खाली काय दिसतंय ते एक डोळा मिटून बघायचं. आयटीवाल्यांचा खरा वार्षिक निकाल हाच. माझा यंदाचा निकाल : आठ दिवस. मार्चअखेरपर्यंत वापरा, नाहीतर विसरा. आणि या आठ दिवसांवर दावेदार दोन. एक बर्फ, दुसरी हळद.

हळदीचं आधी सांगते, तिचा हक्क जुना आहे. मी मूळची हिंगोली जिल्ह्यातली. (पुण्यात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे हिंगणघाट ना?’ नाही हो! हिंगणघाट वर्धा जिल्ह्यात. हिंगोली मराठवाड्यात, १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. आणि ‘हिंगोलीची हिंजवडीत’ हा जोक माझ्यावर किमान पन्नास वेळा झालाय, तेव्हा तोही नको.) आमचं गाव वसमत तालुक्यात, आणि वसमत म्हणजे हळद. २०२४ साली वसमतच्या हळदीला जीआय मानांकनसुद्धा मिळालं. मे-जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिने जमिनीत बसते आणि आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. मग ती कुकरमध्ये शिजवायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश. या दिवसांत मजूर मिळणं म्हणजे सोमवारी सकाळी वाकडला रस्ता मोकळा मिळणं. त्यामुळे नोकरीला लागल्यापासून दर फेब्रुवारीत माझी आठवडाभराची रजा तिकडे जाते. काढणाऱ्या बायांचा हिशेब, डिझेल, चहा-भाकरी, कुकरवाल्याच्या मागे लागणं... प्रोजेक्ट मॅनेजरचंच काम, फक्त वास चांगला. त्यात गेल्या वर्षापासून आबांची पाठ धरते. कुकरपाशी दोन तास उभं राहिले की तिसऱ्या तासाला बाजेवर.

आता बर्फ. आम्ही चौघं एकाच फ्लोअरवर बसणारे, कँटीनचा तोच तो राजमा खाणारे. एक ठाणेकर, एक कोथरूडकर, एक सोलापूरची आणि मी. ऑक्टोबरात एका रिलीजच्या रात्री तीन वाजता गार पिझ्झा चावताना ठाणेकर म्हणाला, ‘यंदा स्कीइंग!’ रात्री तीनला माणूस कशालाही हो म्हणतो. पण सकाळी साडेदहाला त्याची एक्सेल शीट आली, तेव्हा प्रकरण सीरियस आहे हे कळलं. रंगीत कॉलम, फॉर्म्युले आणि शेवटच्या ओळीत माणशी खर्च : ६२ हजार. आमच्यापैकी एकानेही आयुष्यात पायाला स्की लावलेली नाही. माझा तर बर्फाशी संबंध उसाच्या रसातल्या खड्यापुरता!

भारतात स्कीइंग शिकायचं म्हटलं की फिरून फिरून तीन नावं येतात. औली, सोलंग आणि गुलमर्ग. औली उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात. समोर नंदादेवी, २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धाही तिथे झालेल्या. पण ऋषिकेशपासून अडीचशे किलोमीटरचा घाटरस्ता. म्हणजे येण्याजाण्यात दोन अख्खे दिवस खल्लास. शिवाय जानेवारी २०२३ मध्ये खालच्या जोशीमठात जमीन खचली, घरांना तडे गेले, आणि औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवे थांबवावा लागला. ‘लोकांची घरं फुटलीत आणि त्यांच्या डोक्यावर जाऊन आपण घसरगुंडी खेळायची?’ असं कोथरूडकर म्हणाला. मला हे तितकंसं पटलं नाही. तिथल्या चहावाल्याचं पोटही त्याच घसरगुंडीवर चालतं. पण दोन दिवसांचा हिशेब मात्र पटला. सोलंग मनालीच्या वर, सोप्पं, स्वस्त. पण तिथे स्कीपेक्षा फोटोवाले जास्त, आणि मनालीला आमच्या ऑफिसातलं निम्मं पब्लिक हनिमूनला जाऊन आलंय. त्यांचे सल्ले ऐकायची माझी तयारी नव्हती.

राहिलं गुलमर्ग. श्रीनगरपासून पन्नासेक किलोमीटर, उंची सुमारे २६५० मीटर. म्हणजे गुलमर्गचं नुसतं मैदानच आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर उंच! तिथून गोंडोला दोन टप्प्यांत वर जाते. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, तो १९९८ पासून. दुसरा २००५ पासून, थेट अफरवतच्या खांद्यापर्यंत, जवळपास ३९५० मीटरवर. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकच खेळाडू उतरला होता. आरिफ खान, याच भागातला, गुलमर्गच्याच उतारांवर शिकलेला. आमच्यासारख्या नवशिक्यांसाठी मात्र खालचे मैदानातले उतार. तेवढं पुरे.

जागा ठरली. मग तारखांवरून जी काय जुंपली! ठाणेकराचं म्हणणं, फेब्रुवारी. बर्फ साठलेला, दिवस जरा मोठे, थंडी जरा कमी. मुद्दा बरोबर होता. मी म्हटलं, फेब्रुवारीत मला जमणार नाही, हळद आहे. त्यावर तो अगदी सहज, काहीही वाईट हेतू नसताना म्हणाला, ‘एक वर्ष हळद स्किप कर ना यार.’

हळद स्किप! जिमचा क्लास स्किप करतात तशी. मी काही बोलणार तेवढ्यात सोलापूरची, जी एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, ती लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, ‘माझ्याकडं फेब्रुवारीत द्राक्षं असतात. जानेवारी करा.’ दोन मतं शेतीची, एक फेब्रुवारीचं, कोथरूडकर तटस्थ. जानेवारीचा शेवटचा आठवडा ठरला. चार दिवस रजा आणि पुढचे-मागचे शनिवार-रविवार बर्फाला. उरलेले चार दिवस, तसेच वीकएन्ड जोडून, हळदीला. कागदावर झक्कास.

खरी परीक्षा घरी होती. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी वसमतला उतरले. रात्री जेवताना विषय काढला.

आबांचे प्रश्न लगेच सुरू. ‘किती थंडी असतीय म्हणलीस?’

‘रात्री उणे दहापर्यंत जातं, आबा.’

‘मग मोटार कशी चालू करतेत तिथले लोकं? पाइप फुटत नसतील?’

गुगलवर पाहिलं. थंडीत नळ गोठतात, सकाळी लोक पाइपाला शेक देऊन पाणी मोकळं करतात. आबांना हे जाम इंटरेस्टिंग वाटलं. गोंडोलाची उंची ऐकून त्यांनी नुसतं ‘हं’ केलं होतं. खर्चाचा आकडा ऐकल्यावर मनात भागाकार केला. आमच्या घरी कुठलीही रक्कम शेवटी हळदीत मोजली जाते. ‘पाच क्विंटल,’ ते म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. कमावते मी आहे, हे त्यांना माहीत आहे. पाच क्विंटल हळद म्हणजे काय, हे मलाही माहीत आहे.

आई गप्प होती. आई गप्प असली की समजायचं, मुद्दा तिकडे आहे.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरनमध्ये २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा महाराष्ट्रातली. डोंबिवलीची, पनवेलची, पुण्याची. त्या आठवड्यात आमच्या घरचा टीव्ही बंदच झाला नव्हता. गुलमर्ग वेगळ्या जिल्ह्यात आहे, बंदोबस्त असतो, हजारो लोक जाऊन येतात, हे सगळं पाठ करून गेले होते आणि धडाधड म्हणूनही दाखवलं. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ते लोकं बी फिरायलाच गेले होते ना गं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणाकडेच नाही. माणसं जातात, बहुतेक सगळी सुखरूप परत येतात, आणि त्या ‘बहुतेक’वर आपण तिकीट काढतो. आईला ‘काळजी करू नको’ असं सांगणं मला खोटेपणाचं वाटलं, म्हणून सांगितलं नाही. थोड्या वेळाने आबाच म्हणाले, ‘नरसीचे नामदेव महाराज सातशे वर्षांमागं पंजाबात गेले. ही तर इमानानं चालली.’ नरसी आमच्याच जिल्ह्यातलं, आणि पंजाबातल्या घुमानला नामदेवांचं स्थान आहे, २०१५ चं साहित्य संमेलनही तिथेच भरलं होतं. आईपुढे नामदेवांचं नाव काढल्यावर वाद संपतो. आई ‘जा’ म्हणाली नाही. म्हणाली, ‘तिथं जेवायला काय मिळंल?’ आमच्या घरात यालाच परवानगी म्हणतात.

अट एक : रोज संध्याकाळी सात वाजता फोन. आणि इथे तुमच्या कामाची गोष्ट, मंडळी. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. हे आधी माहीत नसलेले लोक श्रीनगरला उतरतात, फोन मुका होतो, आणि इकडे घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. माझं सिम मी दुसऱ्याच दिवशी पोस्टपेड करायला टाकलं. विमानाचं तिकीट त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांबरोबर शेतात गेले. हळदीची पानं पिवळी पडायला लागली होती. बांधावर बसून आबांनी तो प्रश्न विचारला जो आमच्या एक्सेल शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये नव्हता.

‘बर्फ पडतं कधी पण?’

मी सांगितलं. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडक थंडीचे, त्याला चिल्लई कलान म्हणतात. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, मग दहा दिवस चिल्लई बच्चा.

‘म्हंजी मृग, आर्द्रा, पुनर्वसू,’ आबा म्हणाले. ‘वेळेवर पडतं का मग?’

आता काय सांगणार? २०२४ च्या जानेवारीत चिल्लई कलान जवळजवळ कोरडंच गेलं. गुलमर्गच्या मैदानात वाळलेलं गवत दिसत होतं, लोक तपकिरी उतारांपुढे फोटो काढून परत आले. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा २२ फेब्रुवारीला गुलमर्गला सुरू व्हायच्या होत्या. बर्फच पुरेसा नाही म्हणून पुढे ढकलल्या आणि ९ ते १२ मार्चला झाल्या. सरकारी स्पर्धेला बर्फ मिळेना, तिथे आमच्या एक्सेल शीटची काय कथा!

आबा मनापासून हसले. ‘मृगासारखंच हाय की मग.’

पण पुढची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. काश्मिरातला हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमेकडून, पार भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे वारे. वेस्टर्न डिस्टर्बन्स. त्यांतला एखादा पट्टा फारच खाली दक्षिणेला उतरला आणि त्याला समुद्रावरची ओल मिळाली, की फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे अवकाळी पाऊस आणि गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती अशीच. आमच्या पत्र्यावर आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या गारा पडत होत्या, एवढं मला लख्ख आठवतं. आणि शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर नुसता पाऊस पडला तरी रंग जातो, रंग गेला की भाव जातो.

‘म्हंजी तुझं बर्फ अन् माझी गारपीट एकाच घरची?’

‘एकाच घरची, आबा.’

‘सख्ख्या बहिणी का चुलत?’

‘चुलत म्हणा. एक आली म्हणजे दुसरी येतेच असं नाही.’

आबा बराच वेळ हळदीकडे बघत राहिले. मग एखाद्या सीनियर कन्सल्टंटसारखं आमचं अख्खं प्लॅनिंग त्यांनी पाच मिनिटांत मोडून परत बांधलं. पहिल्या पावसाला पेरायचं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर झाला, जमिनीत ओल उतरली, की मगच तिफण. तसंच इथे. एका खोलीचे सगळे पैसे आधी भरायचे नाहीत. परत मिळणारं बुकिंग दोन पैसे महाग पडलं तरी तेच घ्यायचं. एक तारीख ठरवायची, त्या तारखेला मैदान पांढरं असेल तर जायचं, नसेल तर मुकाट्याने रद्द. ‘अन् दुबार पेरणी?’ मी विचारलं. म्हणजे जानेवारी हुकला तर मार्चचा दुसरा आठवडा?

‘ते तुझं तू बघ, माय,’ आबा म्हणाले आणि उठताना पाठीवर हात ठेवला.

मी बघितलं. दुबार पेरणीचे चार दिवस हळदीच्या चार दिवसांतूनच काढावे लागतील. नाही काढणार. जानेवारीत बर्फ नसेल तर यंदा गुलमर्ग नाही, आणि हे मी बाकीच्या तिघांना सोमवारी सकाळीच स्टँड-अपनंतर सांगून टाकलं. ठाणेकर दोन दिवस गाल फुगवून होता. तिसऱ्या दिवशी त्याने शीटमध्ये नवा कॉलम टाकला. नाव : ‘पाऊसमान’. निर्णयाची तारीख २० जानेवारी.

बाकी तयारीचं पटापट सांगते. हॉटेल घेताना खिडकीतून काय दिसतं ते नंतर विचारा, आधी खोली गरम कशाने होते ते विचारा. बुखारी आहे की हीटर, वीज गेली तर जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो, इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का. श्रीनगरहून जाताना जोराचा बर्फ असेल तर टंगमर्गला गाडी बदलावी लागते. शेवटचे तेरा किलोमीटर साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच चढतात. ते भाडं वेगळं धरा. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढायचं. जाण्यासाठी कोथरूडकराला रेल्वेच हवी होती. ६ जून २०२५ ला कटरा ते श्रीनगर वंदे भारतचं उद्घाटन झालं, वाटेत चिनाब नदीपासून ३५९ मीटर उंचीवरचा पूल. पुण्याहून तिथवर पोचायलाच दोन दिवस, म्हणून आम्ही विमानावर आलो. पण त्या पुलाचा व्हिडिओ आबांनी माझ्या फोनवर तीनदा बघितला.

कपड्यांत जीन्स अजिबात नको. भिजली की वाळत नाही आणि पाय लाकडासारखे होतात. स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात. बूट घालताना तीन-तीन मोजे चढवायचे नाहीत, एकच, पातळ आणि लांब. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट बदलून मागायचा, लाजायचं नाही. आम्ही चौघांनी एका महिन्यापासून भिंतीला पाठ टेकवून हवेतल्या खुर्चीवर बसायचा व्यायाम सुरू केलाय, कारण स्कीइंगमध्ये पहिली मरतात ती मांडीची स्नायूं. (कँटीनच्या भिंतीपाशी चार माणसं अशी बसलेली पाहून हाउसकीपिंगच्या मावशींनी आम्हाला खरंच खुर्च्या आणून दिल्या होत्या.) इन्शुरन्स काढलात तर बारीक अक्षरं वाचा. अनेक ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात, वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात. आणि दोन दिवस शिकून लगेच वरच्या टप्प्यावर जायचा मोह नको. २२ फेब्रुवारी २०२४ ला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन झालं, त्यात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. आईला हे सांगितलेलं नाही. हा अंक वसमतला पोचत नाही, या भरवशावर इथे लिहितेय.

पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे थांबणं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, की वेग मोडतो. याचं नाव स्नो-प्लाऊ, म्हणजे बर्फाचा नांगर. फोनवर हे सांगितलं तेव्हा आबा खूश. ‘मग जमंल तुला,’ म्हणाले.

परवा त्यांचा फोन आला. बाकी काही नाही, वसमतला जाऊन दोन नव्या ताडपत्र्या आणल्या म्हणे, जाड, निळ्या. आता सिस्टीम अशी ठरलीय. जानेवारी असो की मार्च, मी जाऊ की न जाऊ, गुलमर्गला मोठ्या बर्फाचा इशारा दिसला की मी आबांना फोन करायचा. ते खळ्यावर जाऊन आभाळ बघणार, आणि वाटलंच तर ताडपत्र्या बाहेर काढून ठेवणार. कुठल्या साइटवर बघायचं, किती दिवस आधी कळतं, हे सगळं त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतलंय.